काटेरी तार आणि रुपेरी पडदा

दिवाळी चार दिवसांवर आली की सोलापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या दारात एक कैकाडीण हटकून यावयाची. डोक्यावर दुरड्यांची चळत, काखेत मूल आणि तोंडात पानाचा तोबरा. फराळाचे जिन्नस ठेवावयास आज्जी दरसाल तिच्याकडून दोन नव्या दुरड्या घेई. भाव ठरविताना दोघींची चांगली जुंपे. "आक्का, हाताची सालं निघत्यात बघा, आठ आणं तरी वाढवा की," असे ती म्हणे. आज्जी आठ आणे वाढवीत नसे, पण चार करंज्या मात्र तिच्या पदरात घाली. दोघीही समाधानाने हसत आणि सौदा मिटे.

येथवर सारे गोड होते. पण ती बाई गल्लीच्या वळणाआड गेली की आज्जी मला हाक मारी, "परसातली भांडी मोज रे जरा." मी मोजीत असे. भांडी नेहमी पुरी भरत. एका वर्षी मी विचारले, "आज्जी, दरवेळी पुरीच भरतात, मग मोजायची कशाला?" आज्जी म्हणाली, "अरे, सेटलमेंटातली बाई आहे ती."

या उत्तरापुढे प्रश्न नव्हता. आज्जी कोणाचे वाईट चिंतणारी नव्हती. तिच्या लेखी 'सेटलमेंट' हा शब्दच पुरेसा पुरावा होता. हा शब्द तिच्या तोंडी कोणी घातला, आणि तो पुसावयाचा कसा, या दोन प्रश्नांचा पिच्छा मला पुढे बरीच वर्षे पुरला. पहिल्याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत सापडले. दुसऱ्याचे थोडेसे उत्तर मला, आश्चर्य म्हणजे, सिनेमाच्या पडद्यावर मिळाले. आज ती हकीकत सांगावयाची आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' नावाचा कायदा केला. आपल्याकडे त्यास 'गुन्हेगार जमातींचा कायदा' म्हणू लागले. त्याच्या मुळाशी असलेला युक्तिवाद मोठा सोपा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो. तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणून माणसाने गुन्हा करण्याची वाट न पाहता त्याची जातच गुन्हेगार म्हणून नोंदवावी. हा युक्तिवाद साहेबाने विलायतेहून आणला नव्हता. तो त्याने आपल्याच ओसरीवरून उचलला आणि त्यावर सरकारी शिक्का मारला.

ज्यांच्यावर हा शिक्का बसला ती माणसे तोवर काय करीत होती? कोणी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव पोहोचवीत, कोणी दगड फोडीत, कोणी कणग्या-टोपल्या विणीत, कोणी रानात फासे लावून पाखरे धरीत, कोणी खेळ करून पोट भरीत. आगगाडी आली आणि बैलांच्या तांड्याची गरज सरली. जंगलाचे कायदे आले आणि पारध्याचे रान सरकारजमा झाले. पोटाचा धंदा बुडालेला आणि घराला पत्ता नसलेला माणूस सरकारच्या नजरेत संशयित ठरला. त्यांतल्या काहींनी चोऱ्या केल्याही. पण गुन्हा काहींचा आणि नोंद साऱ्यांची, ही या कायद्याची रीत होती.

आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ सालच्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. याच सुमारास विजापुरास ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने अशा जमातींची वसाहत वसविली होती. विजापूर ते सोलापूर अंतर ते किती! शिवाय सोलापुरात एक मोठी सोय होती. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या मागोमाग येथे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना हात हवे होते. सरकारला माणसे एका जागी डांबावयाची होती, गिरण्यांना कामगार पाहिजे होते. दोघांचेही काम साधले आणि सोलापूरची सेटलमेंट उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनीही येथल्या कामाचा काही भार उचलला.

सेटलमेंट म्हणजे काटेरी तारेच्या कुंपणातली वस्ती. कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींची कुटुंबे तीत आणून ठेवली होती. प्रत्येकाचे नाव नोंदवहीत, नावापुढे बोटांचे ठसे. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जावयाचे तर पास, आणि पासावर लिहिलेल्या वेळेत परत. गिरणीचा भोंगा झाला की माणसे मोजून बाहेर जात आणि पाळी सुटली की मोजून आत येत. आज्जीचे भांडी मोजणे कोठून आले, ते मला येथे उमगले. सरकार माणसे मोजीत होते, म्हणून गाव भांडी मोजीत होते.

न्यायाने बोलावयाचे तर सेटलमेंटात शाळा होती, औषधपाणी होते, कामाचे शिक्षण होते. स्टार्टसाहेब हा दुष्ट मनुष्य नव्हता. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा तो अध्यक्ष होता आणि तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. पण कायद्याचा दातच विषारी असेल तर दंतवैद्य सज्जन असून काय उपयोग? १९२४ साली एकत्र केलेल्या कायद्याचे सतरावे कलम पाहावे. सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून तोडून निराळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. तेविसावे कलम त्याहून कडक. ठराविक गुन्ह्यांसाठी या जमातींचा मनुष्य दुसऱ्यांदा दोषी ठरला तर निदान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळे पाणी. इतरांना जेथे महिन्यांत मोजायचे, तेथे यांना वर्षांत मोजायचे.

चांगली वागणूक ठेवणाऱ्यास पुढे तारेबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत घर मिळे. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आहे आणि टपाल त्यावर रोज जाते. 'फ्री' हा शब्द पत्त्यात लिहावा लागतो यातच त्या वस्तीचा सारा इतिहास आला. इतरांच्या वसाहती मोकळ्या असतात हे कोणी लिहून ठेवीत नाही.

१९३७ साली मुंबई सरकारने कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी आरंभिली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्याने तो आपल्यापुरता रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. देशाला १५ ऑगस्ट आहे, तसा या लोकांना ३१ ऑगस्ट आहे. पाच वर्षे आणि सोळा दिवस उशिराने आलेला. कालचे 'गुन्हेगार' त्या दिवशी 'विमुक्त' झाले. महाराष्ट्राच्या यादीत आज चौदा विमुक्त जाती आणि कितीतरी भटक्या जमाती आहेत.

तार निघाली, पण तारेची सावली मागे राहिली. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा निराळा कायदा केला. पुढे सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने आयोग नेमला आणि २००८ साली त्याने अहवाल दिला. तुरुंगांच्या नियमांत विमुक्तांविषयी उरलेला जुना संशय घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजीही सांगावे लागले. बहात्तर वर्षांपूर्वी रद्द झालेल्या कायद्याचे भूत उतरविण्यास अजून पंचाक्षरी लागतो, तो असा.

आमचे सोलापूर विसराळू शहर नव्हे. १९३० साली येथे लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिले. त्यांचे पुतळे चौकात उभे आहेत आणि 'चार पुतळा' म्हटले की रिक्षावाला न विचारता नेऊन सोडतो. पण परक्याने आपल्यावर केलेला अन्याय आठवणे सोपे असते. त्याच परक्याने आपल्या शेजाऱ्यावर केलेला अन्याय, ज्यात आपणही भांडी मोजून हातभार लावला, तो आठवणे जड जाते. तेथे पुतळा उभारून भागत नाही. तेथे कोणीतरी आरसा धरावा लागतो.

लक्ष्मण माने यांनी १९८० साली 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली 'उचल्या' लिहून तो आरसा धरला. दोन्ही पुस्तकांस साहित्य अकादमीचा मान मिळाला. पण पुस्तक वाचणाऱ्याच्याच घरी जाते. सिनेमा न वाचणाऱ्याकडेही जातो आणि चारशे माणसांना एकाच अंधारात बसवितो.

मराठी पडद्यावर आदिवासी आले नव्हते असे नाही. पंढरपुरात जन्मलेल्या आणि सोलापुरात शाळा शिकलेल्या डॉ. जब्बार पटेलांनी १९७७ साली गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' काढला. ठाकरांच्या डोंगरावरचा तो चित्रपट, त्यातली स्मिता पाटील आणि मोहन आगाशे, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आमच्या पिढीने डोक्यावर घेतले. तो सुंदरच आहे. पण ते प्रेमाने पाहणाऱ्या पाहुण्याचे पाहणे होते. घरच्याने घरातून बाहेर पाहिलेले पडद्यावर येण्यास आणखी तीस-बत्तीस वर्षे लागावयाची होती.

करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. तेथे १९७७ साली वडार कुटुंबात नागराज मंजुळे जन्मले. वडार ही चौदा विमुक्त जातींपैकी एक. त्या वेळच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, शिकत असता त्यांनी 'पिस्तुल्या' नावाचा लघुपट केला. गावाबाहेर राहणाऱ्या आणि शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका पोराची ती गोष्ट. पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी 'फँड्री' पडद्यावर आला.

'फँड्री' कैकाडी कुटुंबाची कथा आहे. जब्या हा शाळकरी मुलगा. शालूवर त्याचा जीव जडलेला. काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती वश होईल या आशेने तो रानोमाळ गलोल घेऊन फिरतो. बाप कचरू माने गावाची पडेल ती कामे करतो आणि गावात डुकरे माजली की ती धरावयाचे काम त्याच्याकडे येते. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे याच तालुक्यातल्या केम गावचा. केमचे कुंकू आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यात असते. त्याच गावच्या, हलगी वाजविणाऱ्या या मुलाने उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार आणला.

या चित्रपटाच्या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. फँड्री म्हणजे डुक्कर, हा शब्द कैकाडी भाषेतला. चित्रपटातले आईबाप घरात आपली भाषा बोलतात आणि प्रेक्षकाला ती खालच्या मजकुरावरून समजून घ्यावी लागते. ज्या भाषेला गावात 'चोरांची बोली' म्हणून हिणवीत, ती या पडद्यावर घरातली भाषा होऊन आली. आणि ती काही आकाशातून पडलेली नव्हे. तमिळात डुकराला 'पन्री' म्हणतात, तेलुगूत 'पंदि', कानडीत 'हंदि'. आमच्या सोलापुरात कानडी आणि तेलुगू घरे गल्लोगल्ली आहेत. साखरपेठेतल्या पद्मशाली आजीचा आणि मंगळवार पेठेतल्या लिंगायत काकूचा शब्द ज्या कुळातला, त्याच कुळातला कैकाड्याचा शब्द. साऱ्या शहराने ज्याला परका मानले तो भाषेच्या नात्याने निम्म्या शहराचा चुलतभाऊ निघाला. हे इतिहासाच्या पुस्तकाने सांगितले असते तर कोणी ऐकले नसते. चित्रपटाने ते नावातच सांगून टाकले.

त्यातला एक प्रसंग पाहणारा विसरत नाही. सारे कुटुंब डुकरामागे धावते आहे; डुक्कर कोंडीत सापडले आहे; तोच शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. बाप, मुली, जब्या, सगळे जेथल्या तेथे ताठ उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नाही. ते निघून जाते. थिएटरात लोक हसले, मीही हसलो, आणि हसू घशातच अडकले. ज्यांना या देशाने पाच वर्षे उशिराने मोकळे केले ती माणसे राष्ट्रगीताला न चुकता उभी राहतात. पुढे डुक्कर काठीला बांधून ती शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली. त्यावर कोणी भाषण करीत नाही. भाषणाची गरजही उरत नाही.

शेवटी, गावकरी चिडवीत असता जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो आणि पडदा काळा होतो. पुष्कळांना हा शेवट कडू वाटला. सलोखा हवा असेल तर दगड कशाला, असेही कोणी म्हणाले. मला उलटे वाटते. आजवर या मुलांकडे सगळे पाहत होते. पोलीस पाहत होता, मुकादम पाहत होता, माझी आज्जी खिडकीतून पाहत होती. त्या दगडाने पहिल्यांदा पाहणाऱ्यास कळले की आपणही कोणाला तरी दिसत आहोत. हे कळल्यावाचून सलोख्याच्या गोष्टी करणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

ही काही सोलापूरचीच गोष्ट नव्हे. ऑस्ट्रेलियात तेथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना आईपासून तोडून सरकारी वसाहतींत ठेवीत. त्यातल्या एकीचे नाव होते 'मूर रिव्हर नेटिव्ह सेटलमेंट'. शब्द तोच, आमच्या आज्जीच्या तोंडचा! १९३१ साली मॉली, डेझी आणि ग्रेसी या तीन मुली तेथून पळाल्या आणि सशांना अडविण्यासाठी घातलेल्या तारेच्या कुंपणाच्या कडेकडेने दीड हजार किलोमीटरांहून अधिक चालत घराकडे निघाल्या. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली आणि डेझी आईपाशी पोहोचल्या. मॉलीच्या मुलीने, डोरिस पिल्किंग्टन यांनी, ती हकीकत पुस्तकात लिहिली आणि २००२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. त्याच्या अखेरीस म्हाताऱ्या मॉली आणि डेझी स्वतः पडद्यावर चालत येतात. एका देशात तारेने माणसे कोंडली, दुसऱ्या देशात तारेने मुलींना घरची वाट दाखविली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी या तोडलेल्या मुलांची भर पार्लमेंटात माफी मागितली. माफी एका चित्रपटाने आली नाही. चौकशी, पुस्तके, मोर्चे, साऱ्यांचा तीत वाटा होता. पण ज्यांच्या वतीने माफी मागावयाची त्या लोकांना तोवर मॉलीचा चेहरा ठाऊक झालेला होता.

इकडे आपल्या जुन्या मुंबई इलाख्यातच, अहमदाबादेस, छारा जमातीची वस्ती आहे. तिचाही जन्म सेटलमेंटातून झालेला. १९९८ साली बंगालमध्ये बुधन शबर नावाचा तरुण कोठडीत मेला. त्याच वर्षी छारानगरच्या मुलांनी त्याच्यावर नाटक बसविले आणि 'बुधन थिएटर' जन्मास आले. त्यातल्या दक्षिण बजरंगे यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला आणि भटक्या-विमुक्तांवर 'बर्थ १८७१' हा माहितीपट केला. जन्मसाल म्हणून कायद्याचे साल! पोलीस ज्यांचे फोटो आणि ठसे घेत, त्यांच्या नातवांनी कॅमेरा उलट्या बाजूने धरला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग सिनेमाने सारे निस्तरते काय? नाही. 'फँड्री' पाहून रडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पारध्याला घर भाड्याने देतोच असे नाही. पालातल्या पोराला जातीचा दाखला पडदा देत नाही, कचेरीच देते. पण कचेरीत बसलेला मनुष्यही कोणाचा तरी नातू असतो, आणि त्याच्याही आज्जीने त्याला काहीतरी मोजावयास शिकविलेले असते. ते शिकलेले पुसण्याचे सामर्थ्य फर्मानात नसते. ज्याला मोजले त्याने सांगितलेल्या गोष्टीत ते थोडेफार असते, एवढेच मला म्हणावयाचे आहे. आठवण आधी आणि सलोखा मागाहून. आणि सलोखा म्हणजे ज्याने सोसले त्याने क्षमा करणे नव्हे, ज्याने मोजले त्याने ते कबूल करणे.

आज्जी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिने घेतलेली एक दुरडी मात्र आमच्याकडे अजून आहे. कड उसवलेली, पण वीण घट्ट. गेल्या दिवाळीत नातीने तीत पणत्या मांडल्या आणि विचारले, "आजोबा, ही कुणी विणली?" माझ्या ध्यानात आले की त्या बाईचे नाव आम्हांस कधीच ठाऊक नव्हते. आज्जीने विचारले नाही, मीही विचारले नाही. भांडी दरसाल मोजली, नाव एकदाही विचारले नाही. सरकारच्या नोंदवहीत ते नाव ठशासकट असेल. आमच्या घरात ते नाही.

नातीला मी हे सारे सांगितले, अगदी भांडी मोजल्याचेही. सांगताना लाज वाटली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आणि भांडी कधीच कमी भरली नाहीत?"

"नाही," मी म्हणालो, "एकदाही नाही."